चमच्यातला हिरवा रंग

आमच्या ठाण्याच्या घराची इमारत पाडून नवी बांधायची, हे बरीच वर्षं नुसतंच चाललं होतं. मीटिंगा व्हायच्या, चहा व्हायचा, भांडणं व्हायची आणि पुढच्या मीटिंगची तारीख ठरायची. त्यामुळे गेल्या वर्षी खरोखरच घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा आईचा आधी विश्वासच बसेना. मग बसला, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो मांडणीचा. "त्या भाड्याच्या घरात हिला भिंत आहे का गं?"

नव्हती. नव्या घरातही नसणार, कारण नकाशात ओट्याच्या वर सगळीकडे कपाटंच कपाटं. (भाचरांसाठी खुलासा: मांडणी म्हणजे भिंतीला ठोकलेला स्टीलचा रॅक. ताटं उभी, वाट्या पालथ्या, पेले ओळीत, आणि खाली आकड्यांना झारा, पळी, उलथणं टांगलेलं. तुम्ही तिच्यावर डोकं आपटून घेतलेलं आहे.) आमच्या मांडणीवरच्या निम्म्या भांड्यांवर नावं कोरलेली. आजीचं, मावशीचं, दादाच्या मुंजीतली, आणि एका ताटावर तर कोण होती हे आता कुणालाच आठवत नाही अशा बाईचं. उरलेली भांडी बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेली.

मी म्हटलं, उतरवायच्या आधी फोटो काढते. नुसते आठवणीचे नकोत, एक नीट मालिका करते. आपल्या स्वयंपाकघरात रंग काय कमी असतात! लाल गाळणी, पिवळ्या-गुलाबी चिमट्यांची माळ, निळी बादली, मिसळणाच्या डब्यातली हळद आणि तिखट. पहिल्याच दिवशी हौसेने साठ-सत्तर फोटो काढले. आईने चष्मा लावून ते सगळे शांतपणे बघितले आणि म्हणाली, "छान आलेत. खाली भाव लिही, म्हणजे झालं."

बोलणं टोचलं, पण खरं होतं. दिवाळीच्या सुमारास भांड्यांच्या दुकानाची पेपरात जाहिरात येते, तसेच दिसत होते ते. लाल वस्तू लाल दिसत होती, पिवळी पिवळी. पुढे काही नाही. मग माझ्या सवयीप्रमाणे (हात चालेनासा झाला की पुस्तकात डोकं घालायचं) मी शोधायला लागले, की घरातल्या रंगीत वस्तूंचे फोटो काढून ते 'कला' म्हणून मांडायचं धाडस आधी कुणी केलं, आणि कसं. आजचं लिखाण हे त्या शोधाचं.

गंमत म्हणजे रंगीत फोटोचा जन्मच एका घरगुती रंगीत वस्तूपासून झालेला आहे. ती वस्तू म्हणजे रिबीन! जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाला सिद्ध करायचं होतं की आपल्याला दिसणारे रंग लाल, हिरवा, निळा या तीन प्रकाशांतून जमवता येतात. १८६१ साली थॉमस सटन या फोटोग्राफरने त्याच्यासाठी एका पट्ट्यापट्ट्यांच्या रिबिनीचे तीन वेळा फोटो काढले, मध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे द्राव धरून. फोटो काळेपांढरेच. पण त्याच तीन रंगांच्या प्रकाशातून ते पडद्यावर एकावर एक टाकले, तर रिबीन रंगीत दिसली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मे महिन्यात हा प्रयोग झाला.

आता खरी मजा ऐका. त्या काळच्या फोटोच्या रसायनाला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे लालचा फोटो उठायलाच नको होता! तरी उठला कसा? याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ च्या सुमारास कोडॅक कंपनीच्या संशोधकांनी केला. रिबिनीचा लाल रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परतवत होता, आणि लाल द्रावातून तेही आरपार गेले असावेत. थोडक्यात, रंगीत फोटोग्राफीचा पहिला प्रयोग यशस्वी झाला तो चुकीच्या कारणामुळे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई असत्या तर उत्तर बरोबर, रीत चूक, म्हणून अर्धे मार्क दिले असते.

पुढची पायरी बटाट्याची. ज्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला, त्याच बंधूंनी १९०७ मध्ये 'ऑटोक्रोम' नावाच्या रंगीत काचा बाजारात आणल्या. त्यात बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण केशरी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून काचेवर पसरलेले असत. कणांमधल्या फटी काजळीने बुजवायच्या, वर फोटोचं रसायन. प्रकाश त्या कणांतून जाऊन आत उमटायचा आणि बघतानाही त्यांच्यातूनच बाहेर यायचा. बटाटा, काजळी, रंग... आमच्या आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग यात नवीन ते काय, कुरडया रंगवतो की आपण.

इतकं असून रंगीत फोटोला कलेच्या दिवाणखान्यात पाट मिळायला पुढे साठ-सत्तर वर्षं गेली. कारणं बरीच होती. रंगीत छपाई महाग, किचकट आणि बहुधा दुसऱ्याच्या हातात. काळापांढरा फोटो अंधाऱ्या खोलीत स्वतः धुता येई, हवा तसा गडद-फिका करता येई. रंगीत रोल कंपनीकडे पाठवावा लागे. शिवाय ते रंग टिकत नसत. (आमच्या अल्बममधले ऐंशीच्या आधीचे रंगीत फोटो बघा, सगळी वऱ्हाडी मंडळी कुंकवात बुचकळून काढल्यासारखी झालीत. त्या काळच्या कागदातला निळसर रंग आधी उडून जायचा, म्हणून मागे लालपणा राहायचा. आजोबांचे काळेपांढरे फोटो मात्र अजून ठणठणीत.) आणि सगळ्यात मोठं कारण प्रतिष्ठेचं. रंग म्हणजे साबणाची जाहिरात, रंग म्हणजे सहलीचे फोटो. वॉकर इव्हान्ससारख्या थोर फोटोग्राफरने तर रंगीत फोटोला सरळ हलकं म्हणून टाकलं होतं. तोच इव्हान्स म्हातारपणी, १९७३-७४ मध्ये, पोलरॉइडचा छोटा कॅमेरा घेऊन रस्त्यावरच्या पाट्या नि खुणा रंगात टिपत सुटला, ही गोष्ट वेगळी.

काळ्यापांढऱ्याची सद्दी काय होती हे बघायचं तर एडवर्ड वेस्टनची ढोबळी मिरची बघावी. १९३० सालचा तो फोटो, 'पेपर नंबर ३०'. तिशीच्या आधी किती मिरच्या झाल्या असतील बघा! बऱ्याच खटपटीनंतर त्याने ती पत्र्याच्या नरसाळ्यात बसवली. नरसाळ्याच्या आतून प्रकाश परतला आणि मिरचीला पैलवानाच्या पाठीसारखे स्नायू आले. ती हिरवी होती का लाल, असा प्रश्नही बघणाऱ्याच्या मनात येत नाही. मिरचीतून रंग काढून घेतला की मगच ती कला, असा तो काळ. (फोटो झाल्यावर वेस्टन असल्या मिरच्या खाऊन टाकायचा. याबाबतीत तो अगदी आपल्यातला.)

त्याच दशकात अमेरिकेतच पॉल आउटरब्रिज उलट्या दिशेने निघाला होता. लाल, हिरव्या, निळ्या काचेतून तीन निगेटिव्ह, त्यांवरून तीन रंगांचे जिलेटिनचे पातळ थर, आणि ते एका कागदावर हाताने, केसभरही न हलवता एकावर एक बसवायचे. 'कार्ब्रो' म्हणत त्या पद्धतीला. आपल्याकडे मळवलीला रविवर्म्याच्या छापखान्यात लक्ष्मी-सरस्वती छापताना एकेका रंगाचा दगड वेगळा असे, त्याची आठवण होते. आउटरब्रिजने या पद्धतीने घरगुती वस्तूंच्या झगझगीत रचना केल्या, पण पोट भरलं ते मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि जाहिरातींवर. म्हणजे आई म्हणते तो 'खाली भाव' तिथेही होताच. पण आउटरब्रिजच्या फोटोत भाव गळून पडतो आणि रचना उरते. माझ्या फोटोत रचना गळून पडली होती आणि भाव उरला होता.

मग १९७६. विल्यम एगलस्टन, मेम्फिसचा माणूस, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या ७५ रंगीत फोटोंचं प्रदर्शन. हे त्या म्युझियममधलं पहिलं रंगीत प्रदर्शन, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ते खरं नाही. एलियट पोर्टरचे रंगीत पक्षी तिथे १९४३ मध्ये लागले होते, आणि अर्न्स्ट हासचे रंगीत फोटो १९६२ मध्ये. पण पक्षी सुंदरच असतात. एगलस्टनने काय लावलं? मुलाची तीनचाकी सायकल, तीही जमिनीलगत कॅमेरा ठेवून, त्यामुळे मागची घरं तिच्या पायात आलेली. पलंगाखालचे जोडे. उघडा ओव्हन. हिरव्या फरशांची न्हाणी. टीकाकार खवळले. न्यूयॉर्क टाइम्सच्या हिल्टन क्रेमरने तर हे सगळं किती मामुली आणि कंटाळवाणं आहे हे मोठ्या चवीने लिहिलं. त्याच सायकलच्या एका मोठ्या प्रिंटला २०१२ च्या लिलावात पाच लाख ७८ हजार डॉलर आले. पैशावरून काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. तरी क्रेमरसाहेबांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

एगलस्टनला ती छपाई सापडली तीही जाहिरातवाल्यांकडे. 'डाय ट्रान्स्फर' ही सगळ्यात महागडी पद्धत, सिगरेट नि अत्तराच्या जाहिरातींसाठी वापरली जाणारी. त्यातले रंग एकेक करून चढवता-उतरवता येत. त्याने ती न्हाणीघराला नि ओव्हनला लावली. पैठणीचं पायपुसणं करावं, तसं काहीसं. म्हणून ते रंग अंगावर येतात. कोडॅकने १९९४ मध्ये त्या पद्धतीचं सामान बनवणंच बंद केलं.

आपल्याकडे रघुवीर सिंह. जन्म जयपूरचा, १९४२ चा. काळापांढरा फोटो ही पश्चिमेची दृष्टी, भारतीय माणूस रंगातच बघतो, असं त्यांचं ठाम म्हणणं. त्यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ चं, आणि १९९९ मध्ये ते गेल्यावर निघालेलं एक पुस्तक तर अख्खं ॲम्बॅसडर गाडीवर आहे. गाडीची खिडकी, काच, आरसा यांतून दिसलेला देश. त्यांचं 'भारतीय दृष्टी' वगैरे मला पूर्ण पटत नाही (आमच्या आजोबांना रंग अजिबात कळत नसत, ते काय कमी भारतीय होते?), पण आरशाची युक्ती मी मनात नोंदवून ठेवली.

आणि मग मला भेटली जॅन ग्रूव्हर. या शोधातलं माझं खरं माणूस.

ही मुळात चित्रकार. जन्म १९४३, न्यूजर्सी. चित्रकला रीतसर शिकलेली, शिकवणारी. ती सोडून कॅमेऱ्याकडे वळली. सत्तरच्या दशकात आधी तिने रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या मालिका केल्या. कॅमेरा एकाच जागी उभा, आणि समोरून जाणारा ट्रक, मोटार, त्यांचे रंगाचे तुकडे दोन-तीन फोटो शेजारीशेजारी लावून दाखवायचे. गाडी कुठली, कुठे चालली, याच्याशी कर्तव्य नाही. मग १९७७-७८ च्या सुमारास ती रस्ता सोडून घरात आली. थेट स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या सिंकपाशी. मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा तिवईवर चढवला आणि सिंकमध्ये काटे, चमचे, सुऱ्या, केकचे साचे, मधूनच एखादी ढोबळी मिरची, कुंडीतल्या झाडाची पानं असं रचून, अगदी जवळून फोटो काढायला लागली.

शीर्षक म्हणाल तर एकालाही नाही. सगळे 'अनटायटल्ड'. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या सोनाबेंड गॅलरीत ते लागले आणि गाजले. पुढे १९८७ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन केलं. उष्ट्या भांड्यांची जागा ती, तिथून निघालेले फोटो! बाईने स्वयंपाकघरातून कला काढली म्हणून काहींनी त्यात बायकांचा लढा बघितला. तो बघता येतोही. पण तिचं स्वतःचं म्हणणं असायचं की आकार, रचना हेच सर्वस्व. मला वाटतं दोन्ही बरोबर. सिंकपाशी उभं राहून तासन् तास 'आकार' बघत बसायचा हक्क घेणं, हाच लढा नाही का? आमच्या घरात कुणा बाईने भांडी घासायची सोडून ती न्याहाळत बसली असती तर काय ऐकून घ्यावं लागलं असतं, हे नातेवाइकांना सांगायला नको.

ते फोटो पडद्यावर मोठे करून मी एकेक तुकडा बघत बसले. आणि मग माझ्या ध्यानात आलं की यातल्या बहुतेक वस्तूंना स्वतःचा रंगच नाही! काटा, चमचा, सुरी, साचा, सगळं धातूचं. तरी फोटोत गुलाबी आहे, गडद निळं आहे, हिरवं आहे, पिठासारखा पांढरा आहे. चमच्याच्या खोलगट भागात शेजारची मिरची ताणली गेली आहे, सुरीच्या पात्यावर कुठल्याशा पानाची रेघ आहे. रंग वस्तूचा नाहीच, शेजारच्याचा आहे. आणि ती शेजारची वस्तू पुष्कळदा चौकटीत नाहीच.

मी उगाच लाल गाळणीच्या मागे लागले होते. माझ्यासमोर भिंतभर स्टील होतं!

दुसऱ्या दिवशी मांडणीवरची पळी, झारा, दोन वाट्या आणि ते अनोळखी नावाचं ताट मोरीत नेऊन ठेवलं. रंगीत वस्तू सगळ्या चौकटीबाहेर. गाळणी डाव्या हातात धरून, बादली स्टुलावर, चिमट्यांची माळ माझ्या गळ्यात (हो, फोटो नाही काढलेला कुणी, हसू नका). मोबाइल बाजूला ठेवला, कारण तो फार शहाणा; पिवळा उजेड दिसला की स्वतःच पांढरा करून टाकतो. जुना कॅमेरा काढला, त्यात रंगाचा हिशेब आपल्याला हवा तसा पक्का करून ठेवता येतो. ट्यूबलाइट बंद. फक्त खिडकीचा उजेड. एका फोटोला दहा-पंधरा मिनिटं लागायला लागली. वाटी एवढीशी फिरवली की लाल डाग पाऱ्यासारखा पळायचा. ताटावरच्या कोरलेल्या नावाच्या एकेका ठिपक्यात वेगळा रंग यायचा, 'सौ.' पुढचं टिंब तेवढं निळं. आईला सिंकपाशी येता येईना, तेव्हा तिने दोन दिवस भांडी बाल्कनीत घासली आणि एका शब्दाने बोलली नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

तिसऱ्या दिवशी एक अडचण आली. पळीच्या पोटात हिरवा रंग यायला लागला. सुंदर, गवतासारखा, वरून खाली उतरत गेलेला. पण माझ्याकडे हिरवं काही नव्हतंच! भाजीची पिशवी बघितली, कोथिंबीर बघितली, साबणाची वडी सरकवली. हिरवा हलेना. शेवटी पळीच्या जागी स्वतःचं डोकं नेलं (मोरीत वाकून, होय) आणि तिथून वर बघितलं. खिडकीतून शेजारची इमारत दिसत होती. तिचं काम आमच्या आधी सुरू झालं होतं. आदल्या दिवसापर्यंत तिथे नुसते बांबू होते, आणि रात्रीतून कधीतरी त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी सोडली होती. सकाळचं ऊन त्या जाळीतून गाळून आमच्या स्वयंपाकघरात येत होतं.

आईला दाखवलं. ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात आपल्यावरही हेच घालणार." आणि चहा टाकायला वळली.

त्यानंतर मी हिरवा घालवायचा प्रयत्न केला नाही. उरलेले आठ दिवस फोटो काढले त्या सगळ्यांत तो कुठे ना कुठे आहे. कधी वाटीच्या कडेला, कधी पेल्यांच्या ओळीत सगळीकडे थोडाथोडा. एकूण बावीस फोटो मी ठेवले आहेत. त्यातले चांगले म्हणावे असे सहा-सात.

मांडणी उतरवली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा मूळचा रंग निघाला. फिकट पिस्ता, आम्हा कुणालाच आठवत नव्हता. दादाने तिचे खिळे काढले, भंगारवाल्याने ती वजनावर घेतली. अनोळखी नावाचं ताट मावशीने हट्टाने नेलं (मावशी, वाचत असशील तर त्या नावाचा काही पत्ता लागला का ते कळव). आईने सगळे फोटो पुन्हा एकदा चष्मा लावून बघितले. भाव लिहायला सांगितलं नाही. एकच मागून घेतला. तो माझ्या सहा-सात जणांत नाही, किंचित हललेलाही आहे. डब्याच्या पोटात हिरव्याशेजारी एक केशरी फराटा आहे, तो मी चूक म्हणून बाजूला टाकला होता.

"ही मी," ती म्हणाली. "ती केशरी साडी नाही का, मागे उभी होते मी, तुला चहा विचारायला."

त्याची मोठी प्रत काढून द्यायची आहे. कागद जरा बऱ्यापैकी घ्यावा म्हणते, रंग टिकणारा.